दहा पाडव्यांचा सौदा

“दिवस कसे गेले, कळलंच नाही.” हे वाक्य म्हणणाऱ्या माणसांचा मला तिटकारा आहे. निवृत्तीच्या समारंभात गळ्यात हार घालून, आवाज जड करून लोक हे म्हणतात आणि समोर बसलेले माना डोलावतात. बाजारात एखाद्याची पिशवी गेली आणि तो म्हणाला, कशी गेली कळलंच नाही, तर त्याला कोणी हार घालत नाही. लक्ष कुठं होतं म्हणून विचारतात. इथं माणूस तीस-तीस वर्षं हरवून येतो आणि त्याला शाल पांघरतात.

मला हे बोलायचा हक्क आहे, कारण माझंही एक वर्ष गेलेलं आहे. एकच, पण अख्खं, पाडव्यापासून पाडव्यापर्यंत. मी ते गुपचूप जाऊ दिलं नाही. चार लोकांसमोर त्याच्यासाठी भांडलो आणि हरलो, आणि त्या वर्षापायी संत्र्याचा भरलेला बगीचा माझ्या हातून गेला. त्याला आता बराच काळ झाला. माझा राग मात्र अजून ताजा आहे.

मी सौसरचा. वडील लोकांच्या बगीच्यात संत्री तोडायला जात. मी चौदाव्या वर्षी बस स्टँडवर टोपली घेऊन बसलो आणि बाविसाव्या वर्षी झाडावरचा बहार, फळ हिरवं असतानाच, विकत घ्यायला लागलो. मला कोणी काही शिकवलं नाही, आणि ज्यांना कोणी कोणी शिकवलं होतं त्यांच्यापेक्षा मला जास्त येत होतं. सौदा करताना मी चप्पल काढत नसे. ओट्याच्या कडेला बसायचं, एक पाय खाली, चप्पल पायात. समोरच्याला सारखं वाटलं पाहिजे की हा आता उठतो.

एकोणऐंशीच्या पाडव्याला मी असाच एका म्हाताऱ्याच्या ओट्यावर बसलो होतो. बोरगावच्या रस्त्याला त्याची पडीक जमीन होती, मधे विहीर आणि विहिरीजवळ एक कडुनिंब. पोरं नागपूरला नोकरीत. जमीन कसायला कोणी नाही. मी त्याला म्हटलं, जमीन तुमची, संत्र्याची कलमं मी लावतो, मी वाढवतो. ठरलेल्या मुदतीपर्यंत फळ माझं. मुदत संपली की झाडांसकट सगळं तुमचं. तेव्हा माझं वय सत्तावीस, त्याचं पासष्टच्या घरात. भांडण होतं ते फक्त मुदतीचं.

“आठ साल,” म्हातारा म्हणाला.

“बारा,” मी म्हटलं. “पाच सालं तं झाड फळ देतच नाही, काकाजी. पाच सालं मी काय पानं चावत बसू?”

“मधात मूग टाक, भाजी टाक. कोण नाही म्हणून राहिलं?”

“बारा.”

मी दुसरा पायही खाली घेतला. म्हाताऱ्याने सुपारी कातरली, अर्धी मला दिली.

“बरं, दहा घे,” तो म्हणाला. “दोन सालांत काय ठेवलं आहे?”

मी घरी येईपर्यंत हसत होतो. दोन सालांत काय ठेवलं आहे! माझ्या लग्नाला तेव्हा दोन वर्षं व्हायची होती आणि मला वाटे, मी जन्मापासून लग्न झालेलाच आहे. दोन वर्षं म्हणजे माझ्या लेखी डोंगर होता, आणि या खुळ्याने तो डोंगर सुपारीच्या खांडासोबत मला देऊन टाकला. पुढचे सहा महिने मी ज्याला त्याला हा किस्सा सांगितला.

कागद केला नाही. आमच्याकडे सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राहणारा गडी, पाडव्याला लागतो आणि पाडव्याला सुटतो. त्याच हिशेबानं आमची मुदत: दहा पाडवे. विहिरीवर नारळ फोडला, झालं. म्हाताऱ्याने फक्त एक चाळा केला. दर पाडव्याला तो गुढीसाठी निंबाचा टाळा तोडायला यायचा आणि सरलेल्या सालाची एक खाच विळ्यानं त्या कडुनिंबावर मारून जायचा. मला त्याची कीव यायची. एवढं साधं मोजायला ज्याला झाड कोरावं लागतं, त्याचं डोकं किती चालत असेल, असं मी म्हणायचो.

पहिली पाच वर्षं सरता सरेनात. मला त्यातलं प्रत्येक वर्ष वेगळं आठवतं, कोणी झोपेतून उठवून विचारलं तरी. पहिल्या उन्हाळ्यात सव्वातीनशे खड्डे खोदले. खाली मुरूम, पहार मारली की मनगटापर्यंत झिणझिण्या. पावसाळ्यात कलमं लावली आणि दिवाळीच्या आत पन्नास-साठ वाळवीनं खाल्ली. दुसऱ्या वर्षी चैत्रातच विहिरीनं तळ दाखवला. बैलगाडीवर पिंप बांधून नाल्यावरून पाणी आणायचो आणि एकेका कलमाला दोन दोन घागरी, वर एक थेंब नाही. त्यामुळे झालं असं की मला प्रत्येक कलम ओळखीचं झालं. कोणतं घागर ओतल्या ओतल्या पितं, कोणतं पाणी तसंच तुंबवून ठेवतं, ते मी चालता चालता सांगू शकत होतो. तिसऱ्या वर्षी बकऱ्या शिरल्या. चौथ्या वर्षी गारांनी साल सोलून काढली आणि खोडांतून डिंक गळायला लागला. पाचव्या वर्षी सातव्या ओळीतल्या एका झाडाला पहिली संत्री लागली, पाच. त्यातलं एक मी पिकायच्या आधीच तोडून तिथंच खाल्लं. अकरा फोडी होत्या. आंबट होतं. मी सालीसकट संपवलं.

सहाव्या वर्षापासून बगीचा फळायला लागला आणि माझे दिवस पालटले. मी पांढुर्ण्याला गेलो. रेल्वे तिथं, बाजार तिथं. तिगावकडचे बगीचे घेऊ लागलो. सायकल गेली, मोटरसायकल आली. सौसरचा बगीचा आठ दिवसांनी, मग पंधरा दिवसांनी पाहायचा. सालदार ठेवला होता, मोटर बसली होती, सगळं आपोआप चालत होतं. या वर्षांचं मी असं एक एक करून सांगू शकत नाही. ती मला गठ्ठ्यानं आठवतात.

एकोणनव्वदची होळी झाली आणि म्हाताऱ्याचा सांगावा आला: या पाडव्याला मोटरीच्या खोलीची किल्ली आणून द्या.

मी त्याच दिवशी सौसरला गेलो. माझ्या डोक्यात स्वच्छ होतं की हे नववं साल सरतंय, एक साल बाकी आहे. आणि एक साल म्हणजे काय ते संत्र्यावाल्यालाच कळतं. त्या वर्षी मी झाडांना ताण दिला होता. थंडीत पाणी तोडायचं, पानं मलूल होऊ द्यायची, जीव मेटाकुटीला आला की मग पाणी सोडायचं, म्हणजे झाड घाबरून भरभरून फुलतं. कधी नव्हे इतका फुलोरा आला होता. होळीपर्यंत हरभऱ्याएवढी फळं झाली होती, फांदी न् फांदी लदलेली. हा बहार दिवाळीनंतर उतरायचा होता. पाडव्याला किल्ली दिली की तो म्हाताऱ्याचा.

म्हातारा बगीच्यातच भेटला, खाटेवर बसलेला.

“काकाजी, कायची किल्ली? नऊ झाले.”

“दहा होतात गा. या पाडव्याले दहा.”

“नऊ!”

तो उठला, काठी टेकत मला कडुनिंबापाशी घेऊन गेला. खाचा मोजल्या. नऊ होत्या. दहावी या पाडव्याला मारायची. माझ्या हिशेबानं तिथं आठ पाहिजे होत्या.

“एक जास्तीची मारली तुम्ही,” मी म्हटलं. “मी नसताना येऊन मारली.”

म्हातारा म्हणाला, “लाज वाटू दे बे थोडी.”

मला अजिबात वाटली नाही. मी त्याला चोर म्हणालो, जमिनीसाठी पोरांनी शिकवलेला पोपट म्हणालो, आणखी बरंच म्हणालो. शेवटी ठरलं की चार लोक बसवू. मी माझ्या साडूला बोलावलं, बायकोच्या बहिणीचा नवरा, सौसरला शाळामास्तर. तो माझा नातेवाईक म्हणून माझ्याकडून बोलेल अशी माझी समजूत. बायकोही माझ्यासोबत आली, तिला बहिणीकडे जायचं होतं. बाजूच्या शेतांतले दोघं-तिघं आले. कडुनिंबाखाली सतरंजी टाकून बसलो.

साडू माझ्याकडून बोलला नाही, उलट त्यानं मला शिकवायला घेतलं. मास्तर लोकांना एखाद्याचं घर जळताना दिसलं तरी आग म्हणजे काय ते आधी समजावून सांगावंसं वाटतं.

“असं होते भाऊजी,” तो म्हणाला. “पोरगं पाच सालाचं असते तेव्हा एक साल म्हणजे त्याच्या आयुष्याचा पाचवा हिस्सा. तुमच्या वयात तेच साल सदतिसावा हिस्सा. म्हणून लहान वाटते. मोठं झालं की साल लहानच होत जाते.”

“मग झाड कावून लहान करत नाही?” मी म्हटलं. “सहाव्या साली बहार येते तं दहाव्या साली त्याच्या दुप्पट येते. झाडाले तुमचं गणित कोणी सांगितलं नाही वाटते.”

शेतवाले हसले. आजही मला वाटतं, साडूचं ते गणित आळशी माणसाचं आहे. वर्ष आपोआप बारीक होतं, माझा काही दोष नाही, मी नुसता मोठा होत होतो. शाल पांघरून घेणाऱ्यांना असंच गणित लागतं.

मग म्हातारा बोलला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

“तुझ्याकडे एक गडी दोन सालं कधी टिकला का?”

“नाही.” माझ्या तोंडापुढं कोणी टिकत नसे, हे सगळ्या सौसरला माहीत होतं.

“मग साल कायले मोजतं? गडी मोज. जितके गडी, तितके सालं.”

मला हे पटलं. मी बोटं काढली. पहिला दारूवाला. दुसरा पिंप फोडणारा. तिसरा, ज्याच्या झोपेत बकऱ्या शिरल्या, त्याच्या सात पिढ्यांचा मी उद्धार केला होता. चौथा सासऱ्याच्या तेराव्याला गेला तो महिनाभर आलाच नाही. पाचव्यानं बैलाला पराणीनं रक्त निघेपर्यंत टोचलं आणि मी त्याच्या थोबाडीत दिली.

“अन् त्यानं तुले नाल्यात ढकललं,” एक शेतवाला म्हणाला.

“हाव, ढकललं. पाच.” मी पुढं गेलो. सहावा प्रत्येक गोष्टीला उलट उत्तर देणारा. सातव्यानं मोटरीची वायर विकून खाल्ली. आठवा माझ्यासमोर कामाला हात लावी आणि मी वळलो की हात काढी. नववा सध्याचा, सोयीपुरतं बहिरेपण असलेला, तो तिकडे आळ्यांत पाणी सोडत होता आणि आमचा शब्दन् शब्द ऐकत होता.

“नऊ!” मी बोटं म्हाताऱ्याच्या नाकासमोर धरली. “मोजा. नऊ गडी, नऊ सालं.”

“अन् लोधीखेड्याचा?” म्हातारा म्हणाला.

“कोण लोधीखेड्याचा?”

कोणी हसलं नाही. शेतवाल्यांनी एकमेकांकडे पाहिलं. “होता ना जी,” एक जण हळूच म्हणाला. “वायरवाल्याच्या आधी. तो बांधाचं पाळू बांधणारा.”

मी म्हटलं, असा कोणी नव्हता. तुम्ही सगळ्यांनी मिळून माणूस पैदा केला. असेल तर आणा माझ्यासमोर.

दुसऱ्या दिवशी त्याला आणलं. चाळिशीचा माणूस, धुतलेला सदरा, हातात कापडी पिशवी. पिशवीत त्यानं माझ्यासाठी बोरं आणली होती. मी त्याचा चेहरा नीट पाहिला, नाक, कान, हात पाहिले. मी त्याला कधी पाहिलेलं नव्हतं, हे मी देवासमोर शपथेवर सांगितलं असतं.

“मालक, तब्येत बरी आहे ना जी?” तो म्हणाला.

“तू कोण?”

तो थोडा हसला, मी थट्टा करतो आहे असं समजून. मग त्याला कळलं की ही थट्टा नाही, आणि त्यानं मान खाली घातली.

भाड्याने आणलेला साक्षीदार आहे, असं धरून मी त्याची उलटतपासणी सुरू केली. मोटरीच्या खोलीची किल्ली कुठं ठेवायचा? कौलाखाली, उजव्या हाताला. विहिरीच्या कोणत्या पायरीला दगड हलतो? चौथ्या. पांढरा बैल कोणत्या बाजूला जुंपायचा? डाव्या, दुसऱ्या बाजूला लावला की बसतो. एकही चुकलं नाही. मी म्हटलं, हे म्हाताऱ्यानं पाठ करून घेतलं असेल. तेव्हा तो बिचकत म्हणाला, “पाडव्याले सुटलो तं मालकीणबाईनं धोतर दिलं होतं.”

मागून माझी बायको बोलली. ती कधी येऊन उभी राहिली होती, मला माहीत नव्हतं.

“हाव, दिलं होतं. हिरव्या काठाचं. हे हो म्हणाले म्हणूनच दिलं.”

मी वळून तिच्याकडे पाहिलं. ती माझ्या नजरेला घाबरणारी नव्हती.

“माह्याकडे कायले पाहून राहिले? त्याच्या हातचा भाजीपाला वर्षभर खाल्ला तुम्ही. चांगला आहे म्हणून वर मागून घ्यायचे.”

मग मी त्या माणसाला जवळ बसवलं. आवाज खाली आणून विचारलं, जसा मी सहसा कोणाला विचारत नाही.

“त्या साली काय झालं होतं?”

त्यानं विचार केला. “काही नाही झालं जी. पाणी वेळेवर आलं. फूल बसलं. गारा नाही, रोग नाही. मी ते वरच्या बाजूचं पाळू दगडानं बांधलं, पाणी वाहून जात होतं म्हणून. बहार उतरला. झालं.”

“अन् मी काय करून राहिलो होतो?”

“तुम्ही?” तो अडखळला. “तुम्ही फटफटीवर यायचे. रस्त्यावरच थांबायचे. गाडी बंद नाही करायचे. ‘ठीक हाय?’ म्हणून पुसायचे. मी म्हणो, ‘हाव.’ मग तुम्ही जायचे.”

“अन् भांडण? मी काही बोललो असेन.”

“नाही जी. तुम्ही मले कधी काही नाही बोलले.”

तेच तर होतं. बोललो असतो तर तो लक्षात राहिला असता. नऊ नालायकांचे चेहरे, चाली, खोकले मला पाठ होते, आणि वर्षभर नीट काम केलेला एक माणूस मी गाडीचं इंजिन चालू ठेवून विसरलो होतो. त्याच्यासोबत त्याचं वर्षही. त्या वर्षात मी नव्हतोच. चालू गाडीवर टाच टेकून ‘ठीक हाय’ म्हणणाऱ्या माणसाजवळ वर्षानं काय म्हणून थांबावं? पिंपानं पाणी वाहणाऱ्याजवळ ते थांबायचं, कारण तो त्याची मान धरून बसलेला होता. वय वाढलं म्हणून दिवस पळतात, असं नाही. सगळं ठीक चाललं की माणूस पाहणं सोडतो, आणि ज्याच्याकडे कोणी पाहत नाही ते बाजारातून उचललं जाणारच. हे मला साडूच्या गणिताविना त्या सतरंजीवर कळलं. कळून उपयोग नव्हता.

मी म्हाताऱ्याला म्हटलं, “दहा झाले. मानलं.”

मग मला वाटलं ते मी विचारलं. “काकाजी, तुम्हाले कशी एवढी याद?”

“याद?” म्हातारा म्हणाला. “मले विचारशील तं मले वाटते पाच-सहाच झाले असतील. काल नारळ फोडला असं वाटते. म्हणून तं खाचा मारल्या गा. या वयात मनाच्या भरवशावर कोण राहते? पस्तिशीनंतर सालं अशीच जातात, मले माहीत होतं.”

माझी तक्रार इथं आहे, आणि ती मी मरेपर्यंत सोडणार नाही. त्याला माहीत होतं. “दोन सालांत काय ठेवलं आहे” म्हणाला तेव्हा त्याला माहीत होतं की दोन सालांत खरंच काही ठेवलेलं नाही, आणि मला वाटत होतं की मी डोंगर घेतला. आमच्याकडे कापसावर पाणी मारून विकणारे आहेत. तुमच्या डोळ्यासमोर तोलतात, वजन बरोबर भरतं, आणि घरी नेऊन वाळला की कापूस तेवढाच दिसतो पण भरत नाही. त्या माणसांना आम्ही चोर म्हणतो. या म्हाताऱ्यानं मला ओली वर्षं विकली. वर लोक म्हणतात, सज्जन माणूस, शब्दाला पक्का. पक्का होताच. माल कसा आहे ते माहीत असलेल्याला पक्कं राहायला काय लागतं?

मी हे त्याला तिथंच ऐकवलं. साडूनं माझा हात धरला, मी झटकला. म्हाताऱ्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “तुले एक साल गेल्यासारखंच वाटून राहिलं ना? मग घे अजून एक साल. हा बहार तू उतरव. मले काही नको.”

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. समोर हरभऱ्याएवढी फळं, फांदी न् फांदी. मी एका शब्दात हो म्हणायचं होतं.

मी आयुष्यात फुकट काही घेतलेलं नाही. फुकट देणाऱ्याला आपण देतो आहोत ते किती हलकं आहे ते ठाऊक असतं, म्हणून तो देतो. त्याच्या डोळ्यांत मला तेच दिसलं. सुपारी कातरताना जे होतं, तेच. एक साल. त्यात काय ठेवलं आहे!

“नको,” मी म्हटलं. “तुमचं साल तुम्हाले लखलाभ.”

पाडव्याच्या दिवशी बगीच्यात जाऊन किल्ली दिली. म्हाताऱ्याच्या बायकोनं कडुनिंबाचा पाला आणि गूळ हातावर ठेवला, तो उभ्यानंच खाल्ला आणि बाहेर पडलो. कडुनिंबाकडे पाहिलं नाही.

पांढुर्ण्याच्या बसमध्ये बायको खिडकीबाहेर पाहत होती. बस अर्ध्या वाटेवर आल्यावर ती म्हणाली, “भाजीवालीपाशी कोथिंबिरीच्या एका काडीसाठी तुम्ही अर्धा घंटा उभे राहता. अन् भरला बगीचा कोणी हातावर ठेवला तं सोडून आले. लोकांले काय सांगू मी?”

“सांग, दहा झाले होते.”

“तुम्ही तं नऊ म्हणत होते.”

तिनं तोंड परत खिडकीकडे फिरवलं. त्या बसचा प्रवास मला अजून आठवतो. संपता संपत नव्हता.

दिवाळीनंतर मी मुद्दाम बोरगावच्या रस्त्यानं गेलो. दुसरं काही काम नव्हतं, खोटं कशाला सांगू. बगीच्यासमोर ट्रक उभा होता, तोडणाऱ्या बाया झाडांखाली वाकलेल्या, ओळींमधे फळांचे ढीग. तोडलेल्या संत्र्यांचा वास रस्त्यापर्यंत येत होता. म्हातारा खाटेवर, उन्हात. मी बाजारात गेली तेवीस वर्षं फळ पाहत होतो. असा बहार मी कोणाच्याच बगीच्यात पाहिला नव्हता, ही झाडं माझ्या हातात होती तोवर त्यांच्यावरही नाही.

म्हाताऱ्यानं मला ओळखलं, हात वर केला.

“ये ना गा, बस. पाह्य कसं आहे फळ.”

मी ढिगाजवळ गेलो, वाकलो, एक उचललं. तळहातात मावत नव्हतं. साल पातळ, रंग असा की उन्हात डोळ्यांना लागावा. मी ते दोनदा तोललं आणि परत ढिगावर ठेवलं.

“लहान आहे,” मी म्हणालो.

तो हसायला लागला, खोकला येईपर्यंत हसला. मी गाडीला लाथ मारली आणि निघालो.